फ्रीजच्या दारातले पाणी बंद, बर्फ मात्र पडतो आहे: नेमके काय तपासावे?

सातवा_मजला, पुणे | १४ एप्रिल, रात्री ९.२०

नमस्कार. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला, दोन उभ्या दारांचा मोठा फ्रीज आहे. त्याच्या डाव्या, म्हणजे फ्रीजरच्या दारात थंड पाणी आणि बर्फ मिळण्याची सोय आहे. गेल्या शुक्रवारपासून पाणी पूर्ण बंद झाले आहे. पेला लिव्हरला टेकवला की वरचा छोटा दिवा लागतो, पण थेंबही येत नाही. बर्फ अजून पडतो, फक्त पूर्वी जे ठोकळे भरीव असत ते आता बत्ताशासारखे चपटे पडतात. पाणी बंद होण्याआधी दोन-तीन आठवडे धार बारीक होत चालली होती आणि बाटली भरायला इतका वेळ लागे, की आम्ही घरातले सगळेच कंटाळून माठाकडे वळलो होतो.

फ्रीजला पाणी सिंकखालच्या आरओ यंत्रातून जाते. आमची इमारत सात मजल्यांची असून आम्ही सर्वांत वर राहतो. फ्रीजमधला फिल्टर मी फेब्रुवारीत बदलला होता.

तक्रार नोंदवल्यावर सेवा केंद्रातून आलेल्या मुलाने फ्रीज भिंतीपासून न हलवता आणि मागचे झाकणही न उघडता "बोर्ड गेलाय" (म्हणजे फ्रीज चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक भाग) असे सांगून साडेनऊ हजारांचा अंदाज दिला. बोर्ड न पाहता तो गेल्याचे कसे कळले, हे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून पैसे भरण्याआधी इथे विचारते आहे. मी स्वतः काय काय तपासू शकते?


शीतयंत्र, नाशिक | १४ एप्रिल, रात्री १०.०५

ताई, मी तीस वर्षे फ्रीज आणि एसी दुरुस्तीचे काम केले असून आता निवृत्त आहे. आपण पैसे भरले नाहीत हे फार बरे केले. पाण्याच्या तक्रारीत सुटा भाग बदलण्याआधी पाण्याची वाट पायी चालावी, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे. नळापासून पेल्यापर्यंत वाट एकच आहे आणि पाणी तिच्यात कुठेतरी अडले आहे. ते कुठपर्यंत येते एवढेच शोधायचे असते.

आधी चार गोष्टी पाहून सांगा. दाराच्या पट्टीवर कुलपाचे चिन्ह लागलेले नाही ना? लहान मुलांसाठीचे ते कुलूप पुसताना बोट दाबले गेले तरी लागते, आणि त्यापायी चारशे रुपये भेटशुल्क भरलेली घरे मी पाहिली आहेत. बहुतेक फ्रीजमध्ये ते बटण तीन सेकंद दाबून धरले की उघडते. दुसरे म्हणजे दार नीट बसते का, कारण दार उघडे आहे असे यंत्राला वाटले तर ते पाणी सोडत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आवाजाची आहे. घर शांत असताना एकाने लिव्हर दाबावा आणि दुसऱ्याने फ्रीजच्या मागे, खालच्या कोपऱ्याशी कान न्यावा. तिथे घूं असा बारीक आवाज किंवा निदान खट् असा ठोका ऐकू येतो का? चौथी गोष्ट, फ्रीजरचे तापमान किती अंशांवर ठेवले आहे?


माठप्रेमी, सातारा | १४ एप्रिल, रात्री १०.३०

माठाला ना बोर्ड असतो ना फिल्टर, एवढेच नम्रपणे नमूद करून मी बाजूला बसतो. धागा मात्र वाचतो आहे, कारण मुलीकडे असाच फ्रीज आहे.


एडिसनकर, न्यू जर्सी | १५ एप्रिल, सकाळी ७.१५

आमच्याकडे घरोघरी असे फ्रीज असल्यामुळे ही तक्रार नेहमीची आहे. माझा पहिला संशय फिल्टरवर जाईल. आपण तो दोनच महिन्यांपूर्वी बदलला असला, तरी नवा फिल्टर पुरता फिरवून बसला नसेल तर पाणी अडते. फिल्टर काढून त्याच्या जागी कंपनीची बायपास टोपी, म्हणजे पाणी न गाळता सरळ पुढे जाऊ देणारी टोपी, लावून पाहा. काही फ्रीजमध्ये टोपी लागत नाही, फिल्टर काढला की वाट आपोआप मोकळी होते. पुस्तिकेत पाहून घ्या. फिल्टरविना पाणी सुरू झाले तर शोध तिथेच संपला.

दुसरा संशय मुख्य पाइपला जिथे फ्रीजची नळी जोडली आहे त्या जागेवर. आमच्या घरी आधीच्या मालकाने तांब्याच्या पाइपवर चिमटा बसवून, सुईने भोक पाडून पाव इंची नळी काढली होती. ते भोक आधीच बारीक, त्यात क्षार साचून ते बुजत गेले. मी फिल्टर बदलला, वॉल्व्ह बदलला, जवळजवळ नवा फ्रीज घेण्याच्या बेतात होतो, आणि शेवटी प्लंबरने तो चिमटा काढून तिथे टी (तीन तोंडांचा जोड) आणि पाव फेऱ्याचा कॉक बसवल्यावर वीस मिनिटांत काम झाले. तसले चिमटे आता अनेक ठिकाणच्या प्लंबिंग नियमांत बसतच नाहीत. आपल्याकडे जोड आरओतून आहे हे वाचले, तरीही जोडाची जागा डोळ्यांखालून घालावी.

एका जानेवारीत आमची नळी बाहेरच्या भिंतीलगत गोठली होती, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये ती शक्यता आपण सोडून देऊ.


सातवा_मजला, पुणे | १५ एप्रिल, रात्री ८.४०

सर्वांचे आभार. शीतयंत्र काकांच्या प्रश्नांची उत्तरे देते. कुलूप लागलेले नाही. दार नीट बसते. रबरात कागद धरून ओढून पाहिला, तो घट्ट येतो. मुलाने लिव्हर दाबला आणि मी मागे ओणवी होऊन ऐकले: जितका वेळ लिव्हर दाबलेला असतो तितका वेळ खाली घूं असा आवाज येतो आणि सोडला की थांबतो. फ्रीजर उणे २३ अंशांवर आहे. उन्हाळ्यात आइस्क्रीम मऊ पडते म्हणून मार्चमध्ये मीच ते उणे १८ वरून खाली नेले होते.

एडिसनकरांच्या सांगण्याप्रमाणे फिल्टर काढून बायपास टोपी लावली. काहीच फरक नाही, थेंबही नाही.


शीतयंत्र, नाशिक | १५ एप्रिल, रात्री ९.३०

ताई, त्या आवाजाने बोर्ड संशयातून सुटला. आवाज येतो याचा अर्थ लिव्हरमागचा स्विच चालतो, दाराच्या बिजागरीतून जाणाऱ्या तारा शाबूत आहेत, बोर्ड हुकूम देतो आहे आणि पाण्याच्या वॉल्व्हच्या, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेच्या, कॉइलपर्यंत वीज पोहोचते आहे. बोर्ड मेला असता तर मागे शांतता असती. काही नव्या फ्रीजमध्ये कमी दाबाच्या विजेवरचे वॉल्व्ह असतात, ते घूं करत नाहीत, नुसते खट् करतात. म्हणून मी दोन्ही विचारले होते.

दुसरा पुरावा बर्फाचा. आतून पाहिले तर मागच्या वॉल्व्हला प्रवेश एक आणि वाटा दोन असतात. एक वाट बर्फाच्या साच्याकडे जाते, दुसरी भाजीच्या खणामागे वेटोळी घातलेल्या साठ्याच्या नळीतून दाराकडे जाते. बर्फ पडतो आहे, म्हणजे पाणी वॉल्व्हपर्यंत येते आणि त्याच्या पुढे दाराच्या वाटेवरच अडते. उणे २३ हा आकडा वाचल्यावर माझी जवळजवळ खात्री झाली की दारातली नळी गोठली आहे. ती नळी फ्रीजरच्या दाराच्या पोटातून वर जाते आणि तिच्यात कायम पाणी भरलेले असते. वापर चालू असला तर ते पाणी बदलत राहते. आपण मात्र धार बारीक झाल्यावर तिकडे फिरकणेच सोडले, त्यामुळे तेच पाणी तासन्तास उभे राहिले.

खात्री अशी करावी. डाव्या दाराच्या खाली, जमिनीलगत जी जाळीदार पट्टी आहे ती काढा. दाराच्या खालच्या बिजागरीतून एक नळी बाहेर येऊन छोट्या जोडाला मिळालेली दिसेल. फ्रीजची पिन काढा, सिंकखालचा कॉक बंद करा, आणि त्या जोडाच्या तोंडाशी जी कडी असते ती बोटांनी सगळीकडून सारखी आत दाबून धरून नळी सरळ ओढा. कडी न दाबता ओढली तर नळीला चरे पडतात आणि पुढे गळती लागते. नळी सुटली की दाराकडच्या तोंडात फुंकून पाहा. हवा वरच्या तोंडातून बाहेर पडली तर नळी मोकळी आहे. गाल फुगून राहिले तर आत बर्फ आहे.


नळजोड, कोल्हापूर | १५ एप्रिल, रात्री ९.५०

एक पुरवणी. जोड सोडण्याआधी खाली पसरट परात आणि जुने पंचे ठेवावेत. साठ्याच्या वेटोळ्यात बरेच पाणी असते आणि ते पहिल्या क्षणी फसकन येते. पिन काढल्याशिवाय तिथे हात घालू नये, हे काकांनी सांगितलेच आहे. मी ते केवळ दुसऱ्यांदा सांगतो.


सातवा_मजला, पुणे | १७ एप्रिल, दुपारी ४.१०

गाल फुगून राहिले!

काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळे केले. खालची पट्टी निघाली तेव्हा चार वर्षांची धूळ, एक चमचा आणि मुलाचा हरवलेला खोडरबर मिळाला. जोडाची कडी पहिल्यांदा दाबली जाईना, कारण माझे अंगठे ओले होते. हात पुसून पुन्हा दाबल्यावर नळी अलगद आली. फुंकल्यावर हवा हलेना. मग फ्रीजरमधले सामान शेजारच्या घरी हलवले, दार उघडे ठेवले आणि केस वाळवण्याचे यंत्र सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून दाराच्या आतल्या बाजूने, सतत हलवत, पाच-पाच मिनिटे फिरवले. मधे थांबून हाताने पाहत होते, दाराचे प्लास्टिक कोमटच्या पुढे जाऊ दिले नाही. साधारण पाऊण तासाने पुन्हा फुंकले तेव्हा वरच्या तोंडातून आधी पेन्सिलीच्या शिसाएवढी बर्फाची कांडी बाहेर आली, आणि तिच्यामागून पाणी.

जोड पुन्हा बसवला, नळी आत टेकेपर्यंत दाबली, ओढून पाहिली. फ्रीजर उणे १८ वर आणला. पेला टेकवल्यावर आधी फुरफुर हवा आली आणि मग छान धार. काकांचे आभार कोणत्या शब्दांत मानू कळत नाही.


गृहलक्ष्मी_सांगली | १७ एप्रिल, सायंकाळी ६.००

आमच्या फ्रीजलाही दारात पाण्याचा नळ आहे, पण त्याला मागून पाइप नाही; दाराच्या आतल्या टाकीत आपणच पाणी ओतायचे असते. तोही परवापासून बंद आहे. हीच तपासणी लागू पडेल का?


शीतयंत्र, नाशिक | १७ एप्रिल, सायंकाळी ६.४५

नाही ताई, आपल्याकडचा प्रकार अगदी साधा आहे. त्यात वॉल्व्ह विजेवर चालत नाही. टाकीच्या तळाशी रबरी बुच असते आणि लिव्हर ते वर उचलतो. टाकी धुऊन बसवताना ती खाचेत पूर्ण बसली नसली तर लिव्हर बुचापर्यंत पोहोचत नाही. टाकी काढा, बुच आणि त्याची स्प्रिंग कोमट पाण्यात धुवा, क्षार असतील तर थोड्या व्हिनेगरने काढा, आणि टाकी दोन्ही बाजूंनी दाबून बसवा. टाकीचे झाकण हवाबंद बसले असेल तरी पाणी उतरत नाही, तेही सैल करून पाहा.


सातवा_मजला, पुणे | २१ एप्रिल, रात्री ९.१५

आनंद चार दिवस टिकला. पाणी पूर्ण बंद नाही, पण पुन्हा दोऱ्यासारखे येते आहे. खालचा जोड सोडून फुंकून पाहिले. हवा बिनदिक्कत जाते, म्हणजे या वेळी बर्फ नाही. बर्फाचे ठोकळे तर मधल्या काळातही चपटेच पडत होते, हे मला त्या आनंदात लक्षातच आले नाही. आणखी एक गोष्ट आज दिसली. सकाळी पेला ठेवायच्या थाळीत चार-पाच थेंब साचलेले असतात, जरी रात्री कोणी पाणी काढलेले नसले तरी.


जलमापक, ठाणे | २१ एप्रिल, रात्री १०.३०

मी पाणीपुरवठ्याच्या कामात आहे, फ्रीजच्या नाही. तरी ही तीन लक्षणे एकत्र वाचून लिहितो. बारीक धार, चपटे ठोकळे आणि सकाळचे थेंब या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असू शकते, ती म्हणजे फ्रीजला मिळणारा पाण्याचा अपुरा दाब.

बर्फाच्या साच्यात पाणी मापून नव्हे तर बहुधा वेळ मोजून सोडले जाते. ठरावीक सेकंद वॉल्व्ह उघडा राहतो आणि मिटतो. दाब कमी असला की तेवढ्या सेकंदांत साचा भरत नाही आणि ठोकळा चपटा होतो. थेंबांचे कारण अधिक मजेशीर आहे. हे वॉल्व्ह मिटताना आतला पडदा घट्ट बसवण्यासाठी येणाऱ्या पाण्याच्याच दाबाची मदत घेतात. दाब पुरेसा नसला तर पडदा सैल बसतो आणि पाणी झिरपते. ऐकायला उलटे वाटते, पण गळती जास्त दाबानेच होते असे नाही.

बहुतेक फ्रीजच्या पुस्तिकांत किमान दाब २० पीएसआय (पीएसआय हे दाबाचे एकक) दिलेला असतो, काहींत ३० किंवा ४०. आता आपल्याकडे किती आहे ते पाहू. दाबमापक नसला तरी चालेल. २५० मिलिलिटरचा मापाचा पेला घ्या, रात्रभर कोणी पाणी न काढल्यावर सकाळी सलग तीन पेले भरा आणि प्रत्येकाला किती सेकंद लागले ते घड्याळात पाहून लिहा. निरोगी फ्रीजमध्ये एवढा पेला आठ-नऊ सेकंदांत भरायला हवा. एकाच पेल्यावर थांबू नका. मला पहिल्यापेक्षा तिसऱ्याचे उत्तर अधिक हवे आहे.


पिंपरीचा_प्रवासी | २१ एप्रिल, रात्री ११.००

आरओची भानगडच नको. सिंकच्या नळाच्या कॉकवरून टी काढून थेट फ्रीजला द्या. फ्रीजमध्ये फिल्टर आहेच की.


जलमापक, ठाणे | २१ एप्रिल, रात्री ११.२५

प्रवासी, सूचना दुसऱ्या मजल्यावर कदाचित चालली असती. पाण्याच्या दर मीटर उंचीमागे सुमारे १.४ पीएसआय दाब मिळतो. या ताई सर्वांत वर राहतात. गच्चीवरची टाकी त्यांच्या फ्रीजपेक्षा चार मीटर उंच धरली, तर दाब साडेपाच पीएसआयच्या आसपास, आणि त्यातूनही पाइपांच्या वळणांत काही जातोच. २० पीएसआय केवळ उंचीने मिळवायचा तर टाकी चौदा मीटर वर हवी, म्हणजे जवळजवळ पाच मजले. सर्वांत वरच्या मजल्याला गच्ची जवळ असते, म्हणून पाणी भरपूर असा समज असतो. प्रत्यक्षात तिथेच दाब सर्वांत कमी. आरओत स्वतःचा पंप असतो, म्हणून त्यांच्याकडे निदान चार वर्षे हे चालले.

शिवाय फ्रीजमधला फिल्टर बहुधा कार्बनचा असतो. तो क्लोरीनचा वास आणि गाळ धरतो, विरघळलेले क्षार नाही. सोसायटीत टँकर किंवा बोअरचे पाणी येत असेल तर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, जसा आत गेला तसाच पेल्यात उतरेल.


सातवा_मजला, पुणे | २२ एप्रिल, सकाळी ७.३०

मोजले. पहिला पेला ८ सेकंद, दुसरा २१ सेकंद, तिसरा ५४ सेकंद. चौथा भरण्याचा धीर झाला नाही. १७ तारखेला नळी मोकळी झाल्यावर मी एकच पेला काढून 'छान धार' असे लिहिले होते, त्याची आता लाज वाटते.

आरओ यंत्राच्या शेजारी, सिंकखाली पांढरी गोल टाकी आहे. ती हलवून पाहिली तर जागची हलेना, इतकी जड आहे. म्हणजे ती पाण्याने भरलेली आहे. मग पाणी येत का नाही?


शीतयंत्र, नाशिक | २२ एप्रिल, सकाळी ९.००

ताई, आपल्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. टाकी भरलेली आहे आणि तरी पाणी येत नाही, कारण पाणी बाहेर ढकलणारी हवा तिच्यात उरलेली नाही. जलमापकांचे आभार, मी दारातल्या बर्फावर खूश होऊन थांबलो, तो बर्फ कशामुळे झाला हे विचारले नाही. आधी दाब गेला, मग धार बारीक झाली, मग वापर थांबला, आणि उणे २३ ने थांबलेले पाणी गोठवले.

त्या टाकीच्या पोटात एक रबरी फुगा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. यंत्राचा पंप पाणी आत कोंबतो, तसतशी हवा दबत जाते. साधारण ३५ ते ४० पीएसआयला पंप आपोआप बंद पडतो. आपण पेला टेकवला की तीच दबलेली हवा पाण्याला फ्रीजपर्यंत रेटते. हवा हळूहळू निघून गेली की टाकी पाण्याने गच्च, पण रेटा फक्त पहिल्या पेल्यापुरता. ८, २१, ५४ हे आकडे तेच सांगतात.

टाकीच्या बाजूला किंवा तळाशी निळी किंवा काळी टोपी दिसेल. ती काढली की आत मोटारीच्या चाकाला असतो तसाच हवेचा वॉल्व्ह असतो. त्यातली पिन नखाने क्षणभर दाबा. हवा आली तर फुगा शाबूत आहे. पाणी आले तर फुगा फाटला आहे आणि टाकीच बदलावी लागेल; तिची किंमत बोर्डाच्या पासंगालाही पुरणार नाही.

हवा भरायची ती टाकी पूर्ण रिकामी असताना. आरओला येणारे पाणी आणि वीज बंद करा, फ्रीजकडे जाणारा कॉक बंद करा आणि आरओचा पिण्याचा नळ उघडा ठेवा. धार मेली की नळ उघडाच ठेवून पायपंपाने हळूहळू हवा भरा. उरलेले पाणी नळातून बाहेर पडत राहील. पाणी पूर्ण थांबले की दाब मोजा आणि ७ ते ८ पीएसआयवर आणून थांबा. जास्त भरू नका. जास्त हवा म्हणजे जास्त दाब असे वाटते, पण मग टाकीत पाण्याला जागाच उरत नाही. मोटारीच्या हवेच्या मापावर ८ हा आकडा अगदी तळाशी असतो, त्यामुळे लहान आकडे दाखवणारे माप मिळाले तर उत्तम. शेवटी वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा.


सातवा_मजला, पुणे | २५ एप्रिल, रात्री ८.००

पिन दाबल्यावर एक क्षीण उसासा आला. पाणी आले नाही. म्हणजे फुगा वाचला आहे. मुलाच्या सायकलचा पायपंप आणि शेजाऱ्यांकडचे छोटे माप वापरले. सुरुवातीला माप शून्यावरून हललेच नाही. पंप मारू लागल्यावर आरओच्या नळातून पाणी येऊ लागले आणि येतच राहिले. मी पातेली मोजली, सहा लिटरांहून अधिक पाणी त्या 'रिकाम्या' टाकीतून निघाले. टाकी मग एका हाताने उचलता आली. ७ पीएसआयवर थांबले.

साबणाच्या पाण्याने चोराचा पत्ता लागला. वॉल्व्हच्या तोंडावर बारीक, संथ बुडबुडे येत होते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला टाकीच नेऊन दाखवली. त्याने आतली पिन काढून नवी बसवली, चावीने आवळली, थुंकी लावून तपासली आणि दहा रुपये घेतले. आधी तो 'ही कोणत्या गाडीची टाकी' असे विचारत होता. घरी आल्यावर हवा पुन्हा मोजून ७ वर आणली, टाकी जोडली आणि भरायला रात्रभर सोडली.

आज सकाळचे आकडे: ७, ८ आणि ९ सेकंद.


एडिसनकर, न्यू जर्सी | २६ एप्रिल, सकाळी ६.५०

अभिनंदन! फक्त फ्रीजमधला फिल्टर परत बसवलात की बायपास टोपीच आहे, ते सांगावे. आमच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की आरओचे पाणी जोडले असेल तर फ्रीजचा फिल्टर काढून टोपी लावावी, कारण तो आणखी थोडा दाब खातो आणि आधीच गाळलेल्या पाण्याला त्याचा फारसा उपयोगही नसतो.


शीतयंत्र, नाशिक | २६ एप्रिल, सकाळी ८.१५

एडिसनकरांशी सहमत, आपल्या पुस्तिकेत तशी सोय दिली असेल तर टोपीच राहू द्या. मात्र हा सल्ला आरओवाल्यांसाठीच आहे. नळाचे पाणी थेट घेणाऱ्यांनी फिल्टर काढू नये आणि सहा महिन्यांच्या पुढे ताणूही नये. टाकीतली हवा वर्षातून एकदा, आरओचे फिल्टर बदलायला माणूस येतो त्याच दिवशी मोजून घ्यावी. तो स्वतःहून मोजत नाही, त्याला सांगावे लागते.


सातवा_मजला, पुणे | १८ मे, रात्री ९.४०

तीन आठवड्यांनी नोंद करते आहे. बायपास टोपीच ठेवली आहे. आज पुन्हा मोजले: ७, ८, ९. सकाळी थाळी कोरडी असते. बर्फाचे ठोकळे भरीव पडतात, इतके की पहिल्या दिवशी खणात ते पडल्याचा आवाज ऐकून आई दचकून उठली. आइस्क्रीम उणे १८ ला घट्टच राहते. मार्चमध्ये ते मऊ पडत होते कारण त्याचा डबा मुले दाराच्या कप्प्यात ठेवत होती. तो आता मागच्या भिंतीशी असतो.

सेवा केंद्रातून काल फोन आला होता, बोर्ड मागवायचा का म्हणून. मी त्यांना टाकीतल्या हवेबद्दल सांगितले. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि तक्रार 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली' अशी नोंदवून बंद केली.


माठप्रेमी, सातारा | १८ मे, रात्री १०.१०

मुलीला धागा पाठवला होता. तिच्या टाकीत ३ पीएसआय निघाले. पायपंप घेऊन रविवारी जातो आहे.